चाकणचा च आणि शुंदेचे शिफू

पहाटे ५:१५

मोबाइलवर मी दोन घड्याळं ठेवली आहेत. एक मोशीचं, दुसरं त्याच्या अडीच तास पुढचं, चीनच्या ग्वांगतुंग प्रांतातल्या फोशान शहराचं. मी चहाचं आधण ठेवतो तेव्हा तिथे पावणेआठ झालेले असतात. आमच्या शॉपमधलं ८०० टनांचं डाय कास्टिंग मशीन, म्हणजे वितळलेलं अॅल्युमिनियम दाबाने साच्यात भरणारं यंत्र, फोशानच्या शुंदे भागात तयार झालं. ते ज्यांनी जुळवलं ते शिफू अजून तिथेच कामाला आहेत आणि मशीन अडलं की त्यांनाच गाठावं लागतं. शिफू म्हणजे आपण ज्याला मिस्त्री किंवा उस्ताद म्हणू तसा, हातात कसब असलेला माणूस. या शिफूंना इंग्रजी येत नाही. मँडरिन, म्हणजे चीनची राजभाषा, येते. पण घाईत, रागात आणि मशीनपाशी उभं असताना ते कँटोनीजच बोलतात. मशीन बिघडलं की माणूस घाईत, रागात आणि मशीनपाशीच असतो. म्हणून मी कँटोनीज शिकतो.

दिवसाचं पहिलं वाक्य दोन अक्षरांचं: चोउ२ सन्४. सुप्रभात. घरात अजून कुणी उठलेलं नसतं, त्यामुळे ते कुकरलाच म्हणतो.

अक्षरापुढचे आकडे सुरांचे आहेत. कँटोनीजमध्ये सूर सहा: १ उंच आणि सपाट, २ खालून उंच चढणारा, ३ मधला सपाट, ४ तळाकडे उतरणारा, ५ खालून जरासाच चढणारा आणि ६ मधल्याहून किंचित खालचा सपाट. कुणाची पट्टी कुठली हे ठरलेलं नसतं. गाणारा आपला सा लावतो तसं ज्याने त्याने आपल्या आवाजात वरचं टोक आणि तळ ठरवायचा. बाकीचे सूर त्यांच्यामध्ये बसतात.

आणि या लेखातल्या कँटोनीज शब्दांतला प्रत्येक च चाकणमधला म्हणायचा, चिंचवडमधला पहिला नव्हे. चाकण म्हणताना जीभ दातांमागे लागते, चिंचवड म्हणताना टाळूला. चाक, चूल या शब्दांतला हा दंत्य च मराठी माणसाला जन्मतः मिळतो. कँटोनीजला तोच लागतो. चिंचवडचा च तिथे परका वाटतो.

६:१०

मोशीच्या चौकातून कंपनीची बस. पाऊस लागलेला आहे: लॉक्६ यू५. हा यू आपला नव्हे. ई म्हणायला जीभ लावायची आणि ओठांचा मात्र चंबू करायचा. बसच्या काचेत बघून हा चंबू करून पाहण्याजोगी वेळ दुसरी नाही, कारण सगळे झोपलेले असतात.

कुरुळीच्या अलीकडे बस थांबते. सक्१ च्हे१! ट्रॅफिक तुंबलंय. पुणे-नाशिक महामार्गावर रोज किमान दोनदा खरं ठरणारं हे वाक्य मी फार लवकर शिकलो, आणि माझा एकच नियम त्यातूनच आला: आज म्हणायची वेळ येणार आहे असंच वाक्य शिकायचं. बाजारात मिळणारी पुस्तकं विमानतळापासून सुरू होतात. माझा पासपोर्ट कुठे आहे, मला खिडकीजवळची जागा हवी आहे. मला खिडकीजवळची जागा मिळालेली आहे आणि बाहेर तळेगाव चौकाकडे निघालेले कंटेनर दिसतायत.

सक्१ मधला शेवटचा क म्हणजे कँटोनीजची खरी परीक्षा. मराठीत 'एक' म्हणताना क सुटतो, त्याच्यामागून हलकीशी हवा बाहेर येते. इथे तो घशात अडवायचा आणि तिथेच ठेवायचा. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या प, त आणि क या तिघांचंही तसंच. तोंड बंद होतं, पण उघडत नाही. शेजारी बसणारा परभणीचा हेल्पर एकदा म्हणाला, "दादा, बोलताय का गिळताय?" प्रश्न बरोबर होता. गिळणंच आहे ते.

बसमध्ये मी कानात हाँगकाँगच्या समन्वयक बाईंचे आवाजी निरोप ऐकतो. या बाई का मध्ये आल्या, तेही सांगायला हवं. २९ जून २०२० ला भारत सरकारने ५९ चिनी अॅप बंद केली, त्यांत वीचॅट होतं. चीनमध्ये व्हॉट्सअॅप चालत नाही. म्हणजे इकडच्या मेंटेनन्सवाल्याने तिकडच्या मिस्त्रीला साधा निरोप पाठवण्याची सोपी वाट उरली नाही. हाँगकाँगमध्ये मात्र व्हॉट्सअॅप चालतं. त्यामुळे चाकणचा निरोप हाँगकाँगच्या ऑफिसात जातो, तिथून वीचॅटवरून शुंदेला. त्याच काळात चिनी तंत्रज्ञांना व्हिसा मिळणंही अवघड झालं. आधी मशीन अडलं तर माणूस विमानाने यायचा, सोबत इंग्रजी जाणणारा एक पोरगा घेऊन. आता माणसाऐवजी आवाज येतो, आणि त्या आवाजाबरोबर दुभाषा येत नाही.

७:००

शिफ्ट लागली. रात्रपाळीच्या फोरमनकाकांनी वहीत लिहून ठेवलंय: चार नंबर, उजव्या बाजूने तेल.

शुंदेचं मशीन आमच्याकडे चार नंबरचं आहे, हे हाँगकाँगच्या बाईंना कळलं तेव्हा त्या खूप हसल्या. चार म्हणजे सेइ३, मरण म्हणजे सेइ२. हाँगकाँगच्या कित्येक इमारतींत चौथा मजला नसतोच. तिसऱ्यानंतर थेट पाचवा. आमच्याकडे नंबर बदलायचा तर अॅसेट रजिस्टर बदलावं लागेल, ते कुणी करणार नाही.

मशीनवर मी मास्किंग टेपच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या आहेत. लाल बटणाशी थिङ्४, थांब. गार्डच्या दारावर सिउ२ सम्१, सांभाळून. या दुसऱ्या पट्टीतला अ महत्त्वाचा आहे. सम्१ म्हणजे मन, काळीज. साम्१ म्हणजे तीन. फरक फक्त अ आणि आ यांचा, आणि तो आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून येतो. सन्१ नवं, सान्१ डोंगर. कइ१ कोंबडी, काइ१ रस्ता. कँटोनीज रोमन लिपीत लिहिण्याची जी पद्धत आज सगळीकडे चालते ती ज्यूतपिंग, हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ मध्ये तयार केलेली. पद्धत चोख आहे. पण ती आपल्या माणसाच्या हाती इंग्रजीच्या वाटेने येते. तिच्यात जिथे बी लिहितात तो खरा आपला प, जिथे डी तो त, जिथे जी तो क. आणि जिथे पी, टी, के लिहितात तिथे हवा सोडायची, म्हणजे साधारण आपले फ, थ, ख. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं डी वाचून द म्हणतात आणि शिफूंना ते कळत नाही. वहीत देवनागरीत लिहून घेतलं की हा घोळ होतच नाही. रोमन वाचायला जरूर शिकावं, कारण शब्दकोश त्यातच आहेत; पण वही देवनागरीतच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

देवनागरीला जमत नाही अशा जागाही आहेत. च ला ह जोडून होणारा दंत्य च्ह आपल्याकडे नाही, आपला छ टाळूचाच. ङ हे अक्षर आपण वाङ्मय या शब्दाबाहेर फारसं वापरत नाही, आणि तिथे 'मी' म्हणायलाच ते शब्दाच्या सुरुवातीला लागतं: ङॉ५.

८:००

तिथे साडेदहा. टीम्सवर व्हिडिओ लागतो. मोबाइल हेल्परच्या हातात, तो मशीनच्या उजवीकडे उभा. भट्टी, पंप, स्प्रे, शेजारच्या ट्रिमिंग प्रेसचा ठोका, या सगळ्यावरून शिफूंचा आवाज येतो:

"पिन्१ तोउ६ लउ६ यउ४ आ३?"

तेल कुठून गळतंय?

"यउ६ पिन्१." उजवीकडून.

"सिक्१ केइ१ सिन्१!"

मशीन बंद कर आधी. या तीन अक्षरांवर मी बराच वेळ घालवला आहे, आणि नवीन पोरांनाही पहिल्यांदा तीच शिकवतो. मँडरिनमध्ये 'आधी' हा शब्द क्रियापदाच्या अगोदर येतो, कँटोनीजमध्ये तो वाक्याच्या शेवटी. आपणही शॉपवर ओरडतो ते "बंद कर आधी!" असंच ओरडतो, "आधी बंद कर" हे सुरक्षा सप्ताहाच्या फलकावर असतं. पण खरी मेख पहिल्या अक्षरात आहे. सिक्१, उंच सुरात, म्हणजे विझव, बंद कर. सिक्६, खालच्या सुरात, म्हणजे खा. सूर घसरला तर 'मशीन खा आधी' असा हुकूम होतो. शिफू अशा वेळी दुरुस्त करत बसत नाहीत. ते फक्त तेच अक्षर उंच आवाजात पुन्हा म्हणतात, आपण ते परत म्हणेपर्यंत.

मशीन बंद. दाब उतरला. गार्ड उघडून हेल्परने मोबाइल आत धरला. शॉट सिलिंडरच्या सीलखाली तेलाचा ओघळ दिसतो.

"यउ४ फुङ्१ वुन्६ चॉ२ मेइ६ आ३?"

ऑइल सील बदललं का?

इथे थांबतो, कारण माझी सगळी कँटोनीज या वाक्यावर उभी आहे. 'क्रियापद, मग चॉ२, शेवटी मेइ६' हा साचा मी सीलवरून शिकलो नाही. तो जेवणावरून शिकलो: सिक्६ चॉ२ फान्६ मेइ६ आ३, जेवलात का? हाँगकाँगच्या बाई प्रत्येक निरोपाची सुरुवात याच वाक्याने करतात, आपल्याकडे मावशी फोनवर करते तशी. ते वाक्य तोंडात बसलं आणि मग एक दिवस जेवणाच्या जागी सील आलं, तर साचा तोच. पार्सल आलं का: तोउ३ चॉ२ मेइ६. सुट्टी झाली का: फॉङ्३ चॉ२ कुङ्१ मेइ६. व्याकरणाच्या पुस्तकात यावर चार पानं आहेत. ती वाचून मला काही बोलता आलं नव्हतं. एक वाक्य पन्नास वेळा खरोखरच्या माणसाला विचारलं, खरोखरचं उत्तर मिळवलं, की त्याच्या आत दुसरं वाक्य बसवता येतं. शब्दांच्या याद्या करून काय होतं ते मी आमच्या ट्रेनींच्या वह्यांत पाहतो: फळं, प्राणी, रंग. डाय कास्टिंगमध्ये अननसाचा संबंध येत नाही.

आणखी एक. मराठीत प्रश्न विचारताना आपण शेवटी आवाज चढवतो. "जेवलास?" यात क्रियापदाशिवाय प्रश्न आहे तो फक्त त्या चढात. कँटोनीजमध्ये असा चढ दिला की शेवटच्या अक्षराचा सूर बिघडतो आणि अक्षरच बदलतं. म्हणून प्रश्नाचं ओझं मेइ६ सारख्या शब्दावर टाकलेलं असतं आणि मागे आ३ ही छोटी शेपटी लागते. मराठी माणसाने सहा सूर शिकण्याआधी आपला हा एक चढ सोडायला शिकावं. जड जातं, कारण तो चढ आपल्याला आहे हेच आपल्याला माहीत नसतं.

"वुन्६ चॉ२," मी म्हणतो. बदललं.

"केइ२ सी४?" कधी?

कधी बदललं हे फोरमनकाकांच्या वहीत आहे. नव्या सीलचं माप चुकलं नाही ना, बसवताना ओठ दुमडला नाही ना, रॉडवर ओरखडा आहे का, हे शिफू एकेक करून विचारतात. ओरखडा या शब्दाला मी अडतो. मग हेल्पर रॉडवरून नख फिरवून कॅमेऱ्याला दाखवतो आणि शिफूंना नखाचा आवाजच पुरतो. मी वहीत तो शब्द लिहून घेतो. उद्याच्या बसमध्ये त्याचं वाक्य होईल.

"कॉङ्२ तॉ१ च्ही३, म्४ कॉइ१," मी मध्ये मध्ये म्हणत असतो. कृपा करून पुन्हा सांगा. म्४ कॉइ१ हे कँटोनीजमधलं सर्वांत उपयोगी वाक्य. वाट मागायला, वेटरला हाक मारायला, दार धरलं म्हणून आभार मानायला, सगळीकडे तेच. भेटवस्तू दिली तर मात्र ते चालत नाही, तिथे तॉ१ चे६. आपण किराणा दुकानात कुणाचे आभार मानत नाही. तिथे सुटे पैसे परत मिळाले तरी म्हणतात. सवय लावून घ्यावी लागते.

९:३०

तिथे बारा. शिफू जेवायला गेले. आता दीड-दोन तास शुंदेकडून कुणी बोलणार नाही. रॉड काढून पॉलिशला पाठवला.

चहा. च्हा४.

शुंदे हा खवय्यांचा भाग आहे. युनेस्कोने २०१४ मध्ये त्याला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. ब्रूस लीचं मूळ गावही शुंदेतच. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या मिडिया कंपनीचं मुख्यालय शुंदेत आहे, आणि तिचा कारखाना आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात सुपे एमआयडीसीत. म्हणजे हा संबंध आमच्या एका मशीनपुरता नाही. डाय कास्टिंग आणि इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्रांचं मोठं घराणंच त्या भागातून वाढलं. चेन सोंग ही हाँगकाँगची कंपनी १९५८ ची, एल.के. १९७९ ची. टेस्लाच्या मोटारीच्या मागच्या भागाचा अख्खा सांगाडा एका शॉटमध्ये ओतणारी प्रेस बनवणारी इटलीतली इद्रा कंपनी २००८ पासून एल.के.च्या मालकीची आहे. भोसरी, चाकण, रांजणगावच्या शॉपवर या पट्ट्यातली यंत्रं असताना त्यांच्या जुन्या कारागिरांची भाषा आपल्याकडे कुठेच शिकवत नाहीत, याचं मला अजूनही नवल वाटतं.

११:००

डबा. भेंडी, ज्वारीची भाकरी, ठेचा. हाँगकाँगच्या बाईंना रोज डब्याचा फोटो जातो. तो माझा गृहपाठ. त्यांचा आवाज येतो: "लात्६ म्४ लात्६ आ३?" तिखट आहे की नाही? क्रियापद किंवा विशेषण दोनदा, मध्ये नकाराचा म्४. जमेल की नाही जमेल, तक्१ म्४ तक्१. शॉपवर हा दुसरा साचा.

मी ठेच्याचा फोटो जवळून घेऊन पाठवतो.

या बाई 'नेइ५' म्हणत नाहीत, 'लेइ५' म्हणतात. ङॉ५ चं त्यांच्या तोंडी ऑ५ होतं. हाँगकाँगच्या तरुण पिढीत न चा ल होतो आणि सुरुवातीचा ङ गळतो. तिथले मास्तर याला लान्५ यम्१ म्हणतात, आळशी उच्चार, आणि त्याच्याविरुद्ध मोहिमा चालवतात. शिफू मात्र न आणि ङ जपून म्हणतात, शिवाय शुंदेची बोली ग्वांगचौ शहरातल्या बोलीहून थोडी निराळी. मग शिकायचं कुणाचं? मी ऐकतो दोघांचं, बोलतो शिफूंसारखं. खेड-जुन्नरकडचा माणूस 'पानी' म्हणाला म्हणून पुण्यात ज्यांना हसू येतं, त्यांनी हाँगकाँगला जाऊन पाहावं. तिथेही नेमकं हेच चालू आहे आणि तिथेही भाषा बुडालेली नाही.

वाक्याच्या शेवटच्या शेपट्या मात्र मराठी माणसाला जेवणाच्या सुट्टीतच कळतात. सिक्६ फान्६ म्हणजे नुसतं जेवणं. सिक्६ फान्६ ला१ म्हणजे जेवा ना. लॉ१ लावलं की 'जेवायचं, दुसरं काय' असा सूर. इंग्रजीत ही शेपटी समजावायला परिच्छेद लागतो. आपल्याकडे ना, की, बरं, हं, काय आहेत. ये, ये ना, ये की, ये बरं यांतला फरक ज्याला कळतो त्याला फक्त कुठल्या शेपटीला कुठली जोडायची एवढंच पाठ करायचं असतं.

१२:१५

रॉड परत आला, सील बसलं. शिफू पुन्हा लाइनवर. आता आकडे, आणि आकड्यांत विनोद चालत नाही.

मोजणं सोपं आहे: यत्१, यी६, साम्१, सेइ३, ङ्५, लुक्६, च्हत्१, पात्३, कउ२, सप्६. पाच म्हणजे नुसता ङ्, स्वर नाहीच. जिभेचा मागचा भाग वर टेकवून नाकातून. पुढे तर शिस्तच आहे. तेवीस म्हणजे यी६ सप्६ साम्१, दोन-दहा-तीन. एकोणसाठ, एकोणसत्तर अशी मोडतोड नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरी आकडे जड जातात. त्या वेळी मीही हसणाऱ्यांच्या बाजूला होतो की नव्हतो ते सोडा. आज शुंदेशी बोलताना मला त्या म्हणत होत्या ते पटतं.

पण शिस्तीलाही एक खाच आहे.

भट्टीतल्या अॅल्युमिनियमचं तापमान शिफूंनी सांगितलं: "लुक्६ पाक्३ लुक्६."

मराठी कान ऐकतो सहा, शंभर, सहा. सहाशे सहा. कँटोनीजमध्ये याचा अर्थ ६६०. शेवटचं दहाचं माप बोलताना गाळतात. ६०६ म्हणायचं असेल तर मध्ये शून्य ठामपणे म्हणावं लागतं: लुक्६ पाक्३ लिङ्४ लुक्६. तसंच पाक्३ सेइ३ म्हणजे १४०, १०४ नव्हे. आमचा मिश्रधातू साधारण ५८० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो. ६०६ ला तो ओतला तर डायमध्ये शिरताशिरता थंड पडणार, कास्टिंगवर कोल्ड शटच्या रेघा येणार आणि अख्खी शिफ्ट रिजेक्शनमध्ये जाणार. भाषेची चूक इथे किलोंत मोजता येते. आपणही दीडशे, पाऊणशे म्हणून परक्यांना छळतोच, त्यामुळे तक्रार नाही. पण हा नियम कुठल्याही प्रवासी पुस्तकाच्या पहिल्या शंभर पानांत मला दिसलेला नाही, आणि मेंटेनन्सवाल्याला तो पहिल्या पानावर हवा.

म्हणून माझी पद्धत: आकडा ऐकला की परत म्हणायचा, पूर्ण, दहाच्या मापासकट. "लुक्६ पाक्३ लुक्६ सप्६ तोउ६?" शिफू म्हणतात, "सउ१ तोउ२." पोचलं. मग दाब: "यत्१ पाक्३ सेइ३ सप्६ पा१?" सउ१ तोउ२. चौदा म्हणजे सप्६ सेइ३ आणि चाळीस म्हणजे सेइ३ सप्६, हेही परत म्हटल्यानेच सांभाळलं जातं.

पहिला शॉट. दुसरा. सीलखाली पांढरा कागद ठेवला. कोरडा.

"काउ२ तिम्६!" शिफूंनीच म्हटलं. झालं, निभावलं.

३:३०

शिफ्ट सुटली. तिथे सहा. हाँगकाँगच्या बाई: फॉङ्३ चॉ२ कुङ्१ मेइ६ आ३? फॉङ्३ चॉ२ लॉ३. सुटली एकदाची. दुसऱ्या पाळीच्या मुलाला पट्ट्या दाखवल्या. थिङ्४ त्याला येतं, बाकी शिकतोय.

एक अडचण कायमची आहे. आमच्या युनिटची सुट्टी गुरुवारी, शुंदेची रविवारी. रविवारी बिघडलं तर सोमवारपर्यंत थांबायचं, नाहीतर वहीत मागचे संवाद वाचायचे. वही त्यामुळेच नीट ठेवतो.

६:३०

घरी. मुलगी विचारते, "बाबा, आज काय शिकलात?" मी ओरखड्याचा शब्द सांगतो, ती तो माझ्यापेक्षा बऱ्या सुरात म्हणते. मुलांना सूर ऐकू येतात. आपल्याला अर्थ ऐकू येतो आणि सूर निसटतो.

चिनी शिकतो म्हटलं की आमच्याकडे कुणीतरी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढतंच. १९३८ मध्ये चीनला गेलेले कोटणीस उत्तरेत, युद्धभूमीवर चिनी शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ती चिनी उत्तरेची. कँटोनीज दक्षिणेची, आणि बोलताना एकीचा माणूस दुसरीच्या माणसाला समजत नाही. लिपीने मात्र दोघी बांधलेल्या आहेत. जवळपास आठ कोटी लोक कँटोनीज बोलतात, म्हणजे मराठीइतके. तरीही पुण्यात भाषा शिकायला जाणाऱ्यांना रानडे इन्स्टिट्यूटपासून चौकाचौकातल्या क्लासपर्यंत जर्मन आणि जपानी हमखास मिळते. फोक्सवॅगन, मर्सिडीज, ब्रिजस्टोन चाकणात आल्या, त्यांच्या भाषा आल्या. कँटोनीज यंत्राच्या खोक्यातून आली, तिच्यासाठी फलक लागला नाही. खरं तर मुंबईचा कँटनशी, म्हणजे ग्वांगचौशी, व्यापार अठराव्या-एकोणिसाव्या शतकापासूनचा, जमशेटजी जीजीभॉयसुद्धा त्यातच श्रीमंत झाले. त्या व्यापारात अफूही होती, आणि कँटोनीजशी आपलं जुनं नातं आपण फारसं सांगत नाही त्याचं तेही एक कारण असावं.

जेवताना जॅकी चॅनचा १९८५ चा 'पोलीस स्टोरी' कँटोनीजमध्ये लावला. हिंदी डब केलेला लहानपणी पाहिला होता. आता मारामारी सोडून लोक एकमेकांना कसे हाका मारतात तेच ऐकत बसतो. "अहो, मारामारी कुठे गेली?" असं बायको विचारते.

९:१५

वही. आजची तीन वाक्यं, ज्या क्रमाने खरोखर बोलली गेली त्याच क्रमाने, देवनागरीत, सुरांच्या आकड्यांसह. प्रत्येकासमोर वेळ आणि मशीन. एकही सुटा शब्द नाही.

चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात ज्यांच्या शॉपवर ग्वांगतुंग किंवा हाँगकाँगचं यंत्र आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. क्लासची वाट बघू नका. आपल्या मशीनवर रोज ओरडली जाणारी दहा मराठी वाक्यं लिहा, पुरवठादाराच्या माणसाकडून ती त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून मागा आणि बसमध्ये ऐका. सुरुवात आकड्यांपासून करा, आणि ऐकलेला प्रत्येक आकडा दहाच्या मापासकट परत म्हणा.